गोष्टीतली मुलगी दार ठोठावते

श्रावणात माझ्या मोठ्या दिरांचं पोस्टकार्ड आलं. त्यांनी लिहिलं होतं, पोरीला तिकडची भाषा मानवत नसेल तर तिला इकडे पाठवा. दसरा झाला की मी स्वतः येऊन घेऊन जातो. इथल्या मराठी शाळेत घालू. आई आहे, घरात पोरांचा गोतावळा आहे, महिन्याभरात बोलायला लागेल.

ह्यांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि घड्याळामागे खोचून ठेवलं.

"दादा म्हणतात ते बरोबर आहे," हे म्हणाले. "इथं तिचं वर्ष फुकट चाललंय."

मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, पण ह्यांच्यासमोर किंवा सासरच्या कुणासमोर मी कधी 'नको' म्हटलेलं मला आठवत नाही. मला तो शब्द येत नव्हता असं नाही, पण तो घशापाशी येऊन थांबायचा. त्या दिवशीही थांबला.

पत्रातली पोर म्हणजे आमची मुलगी. सात वर्षांची, पहिलीत होती. तेव्हा ती एकुलती एक. घरात तिची बडबड संपत नसे, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तोंड बंद. शाळा सुरू झाल्यापासून ती वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. हजेरीला नुसता हात वर करायची. पाटीवर लिहायची ते सगळं बरोबर, पण वाचायला उभी केली की स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत राहायची. शाळेतल्या बाईंनी निरोप धाडला होता, ही अशीच राहिली तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिलीतच बसवावी लागेल. तो निरोप ह्यांनी दादांना कळवला आणि दादांनी त्यावर हा मार्ग काढला.

मुलीला यातलं काही सांगितलं नव्हतं. ती पोळीचा लाडू करून खात होती आणि मला विचारत होती, गावाकडच्या विहिरीत कासव अजून आहे का.

आम्हाला बंगळुरात येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. ह्यांना सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून साताऱ्याकडचं गाव सोडून आलो. मल्लेश्वरमच्या मागच्या अंगाला एका वठारात दोन खोल्या मिळाल्या. मधे अंगण, अंगणात नळ, आणि भोवती सहा बिऱ्हाडं. पहाटे कारखान्याची बस गल्लीच्या तोंडाशी यायची. हे डबा घेऊन गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि मुलगी. शेजारच्या खोलीत कन्नड बोलणारं कुटुंब होतं, त्यापलीकडे तमिळ. घरमालकीण मात्र मराठी होती. तिच्या सासरची माणसं कितीतरी पिढ्यांमागे इकडे येऊन राहिलेली. सगळा वठार त्यांना अक्का म्हणे, मीही म्हणायचे. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असे आणि ती त्या अशा तोऱ्यात बोलायच्या, की माझीच मराठी चुकीची आहे की काय असं मला वाटायचं.

पत्राची बातमी अक्कांना कशी लागली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी त्या नळावर म्हणाल्या, "काय गे, मुलीला गावाला पाठवतीस म्हणे?"

"हे म्हणताहेत."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"तेच विचारतीय मी. तोंड आहे का नाही तुला? का ते पण गावालाच ठेवून आलीस?"

नळावरच्या दोघी हसल्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, अक्कांच्या आवाजाला हसल्या असतील. मी घागर उचलली आणि घरात आले.

जे मी अक्कांना सांगितलं नाही, ह्यांनाही सांगितलं नव्हतं, ते इथं लिहिते. मुलीचं तोंड मीच बंद केलं होतं.

आम्ही आल्यानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला शेजारच्या कन्नड बाईंनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. इकडे नवरात्रात घरोघर बाहुल्या मांडतात, पायऱ्यापायऱ्यांवर, पांढरं कापड अंथरून. मी असं कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे घट बसतात, भोंडला होतो, बाहुल्या नाहीत. मी मुलीला कडेवर घेऊन गेले. खोलीत पंधरावीस बायका. वरच्या पायरीवर लाकडाचे राजाराणी, खाली देव, त्याखाली हत्ती, शिपाई, आणि अगदी खाली एक मोठ्या पोटाचा गृहस्थ मांडी घालून बसलेला, शेजारी त्याची तशीच गोलमटोल बायको. दोघांच्या पुढ्यात छोट्या छोट्या वाट्यांतून तांदूळ, डाळ, गूळ. मला वाटलं, ज्यांच्यापुढे नैवेद्य ते देव. कुबेर असावा. मी पुढे झाले, त्याला हळदकुंकू लावलं, त्याच्या बायकोला लावलं, आणि पदर डोक्यावर घेऊन चांगला वाकून नमस्कार केला.

तो गृहस्थ वाणी होता. वाणी आणि वाणीण. पुढ्यातलं धान्य म्हणजे त्यांचं दुकान.

खोलीभर हसू उसळलं. आता मला कळतं की त्यात वाईट काही नव्हतं, मीही आता कुणाला सांगताना हसते. एका बाईंनी तर माझा हात धरून जवळ बसवलं. पण तेव्हा माझे कान तापले. ओटीतला नारळ कसाबसा सांभाळत मी घरी आले आणि दोन-अडीच वर्षांच्या त्या पोरीला म्हटलं, "इथं बाहेर तोंड उघडायचं नाही हं. लोक हसतात." तिला तेव्हा काय कळलं असेल? पण मी एकदाच म्हटलं नाही. रोज म्हटलं. दुकानात जाताना, नळावर जाताना, शाळेच्या पहिल्या दिवशी वेणी घालताना. मी स्वतः मान हलवून, बोट दाखवून पाच वर्षं काढली. तिनं माझं ऐकलं, एवढंच झालं.

भाद्रपदात उन्हं चांगली पडायला लागली, तेव्हा मी गोधडी शिवायला काढली. गावी थंडी असते, मुलीबरोबर पाठवायची म्हणून. जुन्या लुगड्यांचे थर अंगणाच्या कडेच्या कट्ट्यावर अंथरून दुपारी शिवत बसायचे. शाळा सकाळची असे. मुलगी माझ्याजवळ बसून सुया ओवून द्यायची आणि गोष्ट मागायची.

मला गोष्टी फार येत नव्हत्या. पाठ होत्या त्या चार संपल्या, म्हणून मी एक रचायला घेतली. एका गावात एक मुलगी होती. तिचं वासरू हरवलं. ते शोधायला ती निघाली. एक डोंगर ओलांडला की एक गाव, दुसरा ओलांडला की दुसरं. प्रत्येक गावची बोली वेगळी. मुलगी गावात पोचायची, सगळी दारं बंद असायची. मग ती एका पायरीवर बसून रडायची. रडणं ऐकून कुणीतरी दार उघडायचं, तिला खायला द्यायचं आणि पुढची वाट दाखवायचं. रोज एक गाव. गोधडी मोठी होती, त्यामुळे वासरू मी सापडू देत नव्हते.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी शेजारची कन्नड मुलगी येऊन बसली. मग तमिळ बिऱ्हाडातली. मग समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्यांची, तिच्या घरी उर्दू बोलत. सगळ्या सातआठ वर्षांच्या. आल्या त्या गोधडीवरच बसल्या, मला टाके घालायला जागा ठेवली नाही. त्यांना मराठी येत नव्हतं. नुसत्या माझ्या तोंडाकडे बघायच्या. चौथ्या दिवशी कन्नड मुलगी कंटाळून आमच्या मुलीला कोपरानं ढोसत काहीतरी म्हणाली. "काय म्हणतेय?" मी विचारलं.

"म्हणतेय, ती बाई काय सांगतेय ते सांग," मुलगी माझ्या कानात म्हणाली.

"मग सांग."

मी हे सुई दातात धरून सहज म्हटलं. म्हणून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, आपण काय बोललो.

मुलगी त्या तिघींकडे वळली. मग कन्नडमधून बोलू लागली. आधी ओठ हलताहेत एवढंच दिसत होतं. त्या तिघी पुढे वाकल्या. बघता बघता तिचा आवाज मोठा झाला, हात हलायला लागले. मला त्यातला दहातला एखादा शब्द कळत होता. पाच वर्षं ही मुलगी माझ्याजवळ मुकाट उभी राहून सगळं ऐकत होती, साठवत होती, आणि मला वाटत होतं तिला काही येत नाही.

त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. मी मराठीत चार वाक्यं सांगायचे, मुलगी ती त्या तिघींना सांगायची. माझ्या चार वाक्यांची तिची चौदा व्हायची. मध्येच भांडणं लागायची. कन्नड मुलीचं म्हणणं, गोष्टीतल्या मुलीच्या वेणीत मोगऱ्याचा गजरा असलाच पाहिजे. समोरची म्हणे, ती डोंगरावर चाललीय, ऊन आहे, डोक्यावर ओढणी हवी. तमिळ मुलीला खाण्याची काळजी. बांधून काय नेलंय? भाकरी? तिखट चटणी? मग पोट दुखेल, दहीभात द्या. आमची मुलगी हे सगळं मला मराठीतून सांगायची आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच निकाल द्यायची.

"ती रोज वेगळं घालते," तिनं एकदा सांगून टाकलं. "सोमवारी गजरा, मंगळवारी ओढणी."

"आणि खाते काय?" मी विचारलं.

"ज्या गावात असेल तिथलं. पण भाकरी पण नेते, आईनं दिलेली."

अक्का पलीकडच्या दारात तांदूळ निवडत बसायच्या. त्यांना दोन्ही भाषा कळत. एका दुपारी मुली खेळायला पळाल्या, तेव्हा त्या सूप घेऊन माझ्याजवळ आल्या.

"स्वल्प ऐक," त्या म्हणाल्या. "तू सांगतीस ती गोष्ट, आणि ती सांगते ती, एक नव्हे."

"म्हणजे?"

"तुझ्या गोष्टीतली मुलगी बंद दार बघितलं की रडत बसती. हिची मुलगी दार ठोठावती. ठोठावून विचारती, माझं वासरू बघितलं काय. कुणी आवाज नाही दिला तर अजून जोरात ठोठावती. आज तर गावच्या पाटलाशी भांडली. म्हणाली, तुमच्या गावाला दारं कशाला पाहिजेत, उघडायची नसली तर भिंतच बांधा की."

मी टाका घालायची थांबले.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून गे. तू सांगत होतीस रडली, ती सांगत होती ठोठावलं. मला वाटलं तुला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. अक्का तांदळातला खडा काढून अंगणात टाकत म्हणाल्या, "असली मुलगी मुकी म्हणून गावाला पाठवतीस. शाळेत जाऊन सांग त्या बाईंना."

"तुम्ही चला माझ्याबरोबर."

"मी आले तर मीच बोलेन. मग तू परत मान हलवत उभी राहशील. नाही येत. तू जा."

मला तीन दिवस लागले. अक्कांनी मला कन्नडमधली एक ओळ शिकवली, नन्न मगळु कथे हेळ्ताळे. माझी मुलगी गोष्ट सांगते. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मी ती घोकत होते. मुलीनं ऐकलं आणि तिनं माझे उच्चार नीट करून दिले. कशासाठी ते मी तिला सांगितलं नाही.

शनिवारी शाळा सुटायच्या आधी मी वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. लांब पट्ट्यांवर चाळीसएक मुलं बसली होती. बाई माझ्यापेक्षा लहानच असाव्यात, सुती साडी, जाड काचांचा चष्मा. त्यांनी वर पाहिलं आणि मी माझी ओळ म्हटली. एका दमात म्हटली, पदराचं टोक मुठीत धरून.

बाईंनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काहीतरी विचारलं. मला कळलं नाही, म्हणून मी तीच ओळ पुन्हा म्हटली. पुढच्या रांगेतला कुणीतरी फिस्सकन हसला. बाईंनी त्याला दटावलं आणि मुलीला पुढे बोलावलं.

ती आली. टेबलाजवळ उभी राहिली. बाई हसून म्हणाल्या, सांग. कन्नडमध्ये म्हणाल्या, पण ते मला कळलं. मुलगी पायाच्या बोटांकडे बघत राहिली. अंगठा दुसऱ्या पायाच्या अंगठ्यावर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. बाई थांबल्या. चांगल्या पुष्कळ थांबल्या, त्यांना दोष नाही. मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि जागेवर जाऊन बसायची खूण केली.

आता ही बसली की संपलं, एवढं मला कळत होतं. दसऱ्यानंतर दादा येतील, ती जाईल, आणि उन्हाळ्यात मी भेटायला जाईन तेव्हा ती माझ्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघेल. आणि हेही कळलं की ती एकटी सांगू शकणार नाही. तिनं आजवर एकटीनं कधी सांगितलंच नव्हतं. आधी मी सांगायचे, मग ती.

मी चप्पल दाराबाहेर काढून आत गेले, मुलीशेजारी उभी राहिले आणि मराठीत म्हटलं, "एका गावात एक मुलगी होती."

माझा आवाज मलाच ओळखू येईना. बाई चमकून बघायला लागल्या. मुलं एकदम चिडीचूप झाली, कारण त्यांना काहीच कळलं नव्हतं. मी पुढे म्हटलं, "तिचं वासरू हरवलं." मुलगी अजून खालीच बघत होती. मी म्हटलं, "ते शोधायला ती निघाली." माझ्याजवळ आता फार वाक्यं उरली नव्हती.

तेवढ्यात खालून आवाज आला. "ओंदु ऊरल्लि ओब्बळु हुडुगि इद्दळु." पहिल्या वाक्यापासून, एकही न गाळता. एका गावात एक मुलगी होती.

मग आम्ही दोघी चालू लागलो, मी एक पाऊल, ती एक. डोंगर आला. गाव आलं. सगळी दारं बंद. आता तिथं माझ्या गोष्टीतली मुलगी पायरीवर बसून रडते. माझ्या ओठांवर तेच आलं होतं. मी थांबले आणि म्हटलं, "तिनं दार ठोठावलं."

मुलीनं झटकन मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हे मला कुणी सांगितलं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग ती वळली आणि बाईंच्या टेबलावर मूठ आपटली. तीनदा. दौत हलली. मुलं दचकली आणि मग पुढे सरकली. त्यानंतर तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी मधे दोनदा माझं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण तिला ते नको होतं. शाळेची घंटा झाली तरी पोरं उठली नाहीत.

बाईंनी जाताना मला बरंच काही सांगितलं. मुलीनं मराठीतून मला सांगितलं, "टीचर म्हणतात, दर शनिवारी शेवटच्या तासाला सांगायची. आणि वाचून पण दाखवायचं. वाचलं तर दुसरीत घालतील."

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. आई, तू पण येशील ना?"

"येईन की."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांना बरं वाटलं, पण खरं वाटलं नाही. "एक दिवस बोलली म्हणजे झालं का," म्हणाले. "दादांनी तिकडे शाळेत नाव सांगून ठेवलंय. आता कसं नाही म्हणायचं?" दोन शनिवार गेले. दोन्ही शनिवारी मी वर्गात उभी राहिले, ती बोलली. मधल्या दिवसांत ती पुस्तक घेऊन अक्कांच्या दारात बसून मोठ्यानं वाचायची. पण घड्याळामागचं पत्र होतं तिथंच होतं.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी दादा आले. मोठे दीर म्हणजे आमच्याकडे सासऱ्यांच्या जागी. त्यांच्यासमोर मी पदर घेऊनच वावरायचे, आणि बोलणं तर नाहीच. काही सांगायचं असलं तर मुलीमार्फत किंवा ह्यांच्यामार्फत. त्यांनी मुलीसाठी गावाकडचे शेंगदाण्याचे लाडू आणले होते, सासूबाईंनी शिवलेलं परकर पोलकं आणलं होतं. माणूस प्रेमळ होता. ते कठोर असते तर मला जास्त सोपं गेलं असतं.

जेवायला पानं घेतली. दादा म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळची गाडी आहे. हिचं सामान काय ते बांधून ठेवायला सांग."

हे म्हणाले, "हो, सांगतो."

मी दाराच्या आड आमटीचं भांडं घेऊन उभी होते. मुलगी दादांच्या शेजारी बसली होती. तिनं आधी दादांकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "कुठं जायचंय?" तिनं विचारलं. तिनं दाराकडे, माझ्याकडे पाहिलं.

"ती जाणार नाही," मी म्हटलं.

दोघांचे हात पानावर थांबले. मी दाराआडूनच पुढे बोलले, नाहीतर बोलता आलं नसतं. म्हटलं, "तिला इथली भाषा येते. चांगली येते. ती बोलत नव्हती कारण मी तिला बोलू नको म्हणून सांगितलं होतं. मला कुणी हसलं होतं, म्हणून. चूक माझी आहे. ती तिकडे गेली तर माझी चूक तशीच राहील."

आमटीचं भांडं चटके देत होतं. ते खाली ठेवावं हेही सुचलं नाही.

हे म्हणाले, "हे तू कधी सांगितलं नाहीस."

"आत्ता सांगतेय."

दादा बराच वेळ भात कालवत राहिले. मग त्यांनी मुलीला विचारलं, "काय गं, तुझी आई काय म्हणतेय? बोलतेस का तू शाळेत?"

"शनिवारी बोलते," मुलगी म्हणाली. "बाकीच्या दिवशी थोडं थोडं."

"काय बोलतेस?"

"वासराची गोष्ट."

"वासराची?" दादांच्या घरी गाईगुरं होती. "काय झालं वासराला?"

ती सांगू लागली. मराठीत सांगत होती, दादांना, आणि मी पहिल्यांदाच तिची गोष्ट पूर्ण ऐकत होते. दादा मधेच विचारायचे, वासराचा रंग कोणता, दावं तुटलं होतं की सोडलं होतं. ती त्यावरही उत्तरं देत होती. आमटी मी वाढली, दादांनी भुरकली, पुन्हा मागून घेतली. शुक्रवारचं कुणी काही बोललं नाही.

शुक्रवारी दादा एकटेच निघाले. निघताना त्यांनी माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघून म्हटलं, "पुढच्या वर्षी सुट्टीत सगळेच या. वासरू सापडलं की कळवा." गोधडी मी त्यांच्याबरोबर सासूबाईंना पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शाळेत जायला म्हणून मी साडी बदलली, वेणी घातली, चप्पल पायात घातली. शेवटच्या तासाआधीच्या सुट्टीत घरी येऊन, पाणी पिऊन पुन्हा वर्गात जायची मुलीची सवय झाली होती. ती आली, पाणी प्याली, दारात थांबली आणि म्हणाली, "आई, आज तू नको येऊस."

"का गं?"

"तू आलीस की मी तुझ्याकडेच बघते. मग टीचर म्हणतात, इकडे बघ."

"बरं," मी म्हटलं.

"रागावलीस?"

"नाही. जा, उशीर होईल."

ती पळाली. समोरच्या दारातून सायकलवाल्यांची मुलगी निघाली, दोघी बरोबर गेल्या. गल्लीच्या वळणापर्यंत दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

मी पायातली चप्पल काढली नाही, तशीच कट्ट्यावर बसले. अक्का पलीकडून म्हणाल्या, "काय गे, आज नाही गेलीस?"

"नको म्हणाली."

अक्कांनी मान हलवली. नळावर कुणीतरी घागर लावली होती, ती भरून वाहत होती. मग मी म्हटलं, "अक्का, मला कन्नड शिकवाल?"

"आता? पाच वर्षांनी?"

"ती काय सांगते ते मला ऐकायचंय. मला दहातला एक शब्द कळतो."

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे बरं. "पण एक सांगते. शिकताना मान खाली घालून बसायचं नाही. मला तोंड दिसलं पाहिजे, जीभ कुठं लागती ते बघावं लागतं. वर बघ."

मी वर बघितलं. अक्कांच्या उजव्या भुवईत लहानसा जुना व्रण होता. पाच वर्षं त्यांच्या नळावर पाणी भरत होते, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.